रिकार्टन जंक्शनचा गँगमन आणि दहा वर्षांतली एक रात्र

वहीचं पान आडवं आहे. रकाने छापील, आतलं अक्षर हाताचं, उजवीकडे झुकलेलं. घरधन्याच्या ओळीत धंदा लिहिलाय 'रेल्वे सरफेसमन', आणि त्याच्या वयावरूनच पेन्सिलीची एक जाड तिरकी रेघ गेली आहे. ३६ आहे की ३८, डोळे फोडले तरी कळत नाही. ही रेघ कुणा वात्रट पोरानं मारलेली नाही. दीडशे वर्षांपूर्वी एडिंबरोच्या कचेरीत बसून एक कारकून वयोगटांची गणती करत होता. माणूस मोजला की एक रेघ. तेवढ्यानं त्याचं काम झालं, आणि आपलं अवघड झालं.

स्कॉटलंडच्या व्हिक्टोरियन जनगणनेची ही वही आहे. आपल्याकडे त्या काळी जनगणनेला खानेसुमारी म्हणत, आणि या कागदांना तोच शब्द जास्त शोभतो, कारण ही मोजणी घरांची होती. एका ठरलेल्या रात्री कोणत्या छपराखाली कोण झोपलं, एवढंच ती विचारते. आधीच्या आठवड्यात घरोघर कोरे तक्ते वाटायचे, रविवारची रात्र धरायची आणि सोमवारी भरलेले तक्ते गोळा करायचे. हे काम प्रगणकाचं. खेड्यात हा प्रगणक बऱ्याचदा शाळामास्तर असे. ज्याला लिहिता येत नसे त्याचा तक्ता मास्तरच भरी. मग घरी बसून सगळे तक्ते तो या वहीत उतरवून काढी. मूळ तक्ते पुढे नष्ट झाले, वह्या राहिल्या. म्हणजे आपण वाचतो ती नक्कल, आणि तीही मास्तरांच्या कानाला जसं ऐकू आलं तशी. एकाच आडनावाची दोन जनगणनांत दोन स्पेलिंगं दिसली तर घाबरू नये.

आता एक घर घेऊ. हे कुटुंब मी समजावण्यापुरतं जुळवलेलं आहे. कुणा खऱ्या माणसाचं नाही, म्हणून नावंही देत नाही. गाव मात्र खरं आहे, आणि विचित्रही.

रिकार्टन जंक्शन. इंग्लंडच्या सीमेलगत, रॉक्सबरोशायर परगण्यातल्या कॅसलटन पॅरिशमधलं उजाड माळरान. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीवरून ठरलेला छोटा विभाग. नॉर्थ ब्रिटिश रेल्वेनं हॉइकपासून कार्लाइलपर्यंत नेलेला, इथून जाणारा मार्ग १८६२ साली सुरू झाला, आणि इथूनच एक फाटा इंग्लंडात हेक्समकडे निघाला. जंक्शन आलं म्हणजे इंजिनांची शेड आली, सिग्नल आले, माणसं आली. पण रस्ता आला नाही. गावाला जोडणारा धड रस्ताच नव्हता. किराणा, कोळसा, पत्रं, डॉक्टर, सगळं रेल्वेनं यायचं. चर्चला जायचं तरी गाडीनं. पुढे दुकान आलं तेही प्लॅटफॉर्मवर. तिथे राहणारा जवळजवळ प्रत्येक माणूस रेल्वेचा नोकर, नाहीतर त्याच्या घरातला. आपल्याकडच्या रेल्वे कॉलनीत बालपण गेलेल्यांना हे वातावरण ओळखीचं वाटेल, फक्त इथे कॉलनीच्या पलीकडे गाव नव्हतंच. मास्तर आले असतील ते एकतर गाडीनं, नाहीतर रुळांच्या कडेकडेनं चालत.

२ एप्रिल १८७१ ची रात्र. आपल्या घरात आठ माणसं. घरधनी, वय ३६ धरू, रेल्वे सरफेसमन. बायको, ३५. मुलगी १२, मुलगा १०, मुलगा ७, मुलगी ४, आणि आठ महिन्यांचं तान्हं. आठवा एकोणीस वर्षांचा भाडेकरू पोरगा, रेल्वे पोर्टर, जन्म सीमेपलीकडचा, नॉर्थंबरलंडचा. शेवटच्या रकान्यात आकडा: २.

हा सरफेसमन म्हणजे कोण? आपल्या भाषेत गँगमन. इंग्लंडच्या जनगणनेत याच माणसाला 'प्लेटलेयर' म्हणतात, स्कॉटलंडात सरफेसमन. एका टोळीकडे मार्गाचा ठरावीक तुकडा असे आणि त्यावर एक मुकादम. रोज सकाळी हातोडा घेऊन आपला तुकडा पायी तपासायचा. त्या काळचा रूळ बिडाच्या बैठकीत लाकडी पाचरीनं घट्ट बसवलेला असे. कोरड्या हवेत लाकूड आटतं, पाचर सैल होते, ती परत ठोकायची. खडी खचली तर भरायची, चर मोकळे ठेवायचे, बर्फ पडलं की ते उपसायचं, आणि धुकं दाटलं की सिग्नलपाशी उभं राहून रुळावर फटाके लावायचे, म्हणजे न दिसणारा सिग्नल ड्रायव्हरला निदान ऐकू येईल. रिकार्टनच्या उत्तरेला व्हिट्रोपचा चढ आणि लांब बोगदा. तिथल्या थंडीत हे काम काय असेल ते सांगायला नको.

एक सावधगिरी. नुसतं 'सरफेसमन' लिहिलं असेल तर तो रेल्वेचाच असं धरू नका. सडकेची डागडुजी करणाऱ्यालाही हाच शब्द होता. मागे 'रेल्वे' आहे का पाहा, नसेल तर शेजारची घरं पाहा.

या पेशाचा एक माणूस स्कॉटलंडात नावाजला. कर्ककॉनेलचा अलेक्झांडर अँडरसन, जन्म १८४५. रुळांवर काम करता करता फ्रेंच, जर्मन शिकला, कविता लिहू लागला आणि टोपणनाव घेतलं 'सरफेसमन'. नंतर तो एडिंबरो विद्यापीठाच्या ग्रंथालयात लागला. खानेसुमारीच्या रकान्यातला शब्द अभिमानानं मिरवणारा असा दुसरा कवी मला तरी माहीत नाही.

आता त्या '२' कडे वळू. १८६१ पासून स्कॉटलंडच्या जनगणनेनं एक प्रश्न विचारला जो शेजारच्या इंग्लंडनं तेव्हा विचारला नव्हता: खिडकी असलेल्या खोल्या किती? बिनखिडकीची कोठडी मोजायची नाही. १८६१ मध्ये देशातली साधारण एक तृतीयांश घरं एकाच खोलीची निघाली. काही हजार कुटुंबांच्या घराला तर एकही खिडकी नव्हती. तेव्हा दोन खोल्यांत आठ माणसं ही त्या काळी दैन्याची खूण नव्हे. एका खोलीत चूल आणि भिंतीत बसवलेला कपाटासारखा पलंग, आतल्या खोलीत बाकीचे. भाडेकरू पोरगा कुठे झोपत असेल, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी पडतो. पण त्याच्या भाड्याचे शिलिंग बाईच्या हातात येत होते.

पण या पानावरचा माझा सगळ्यात आवडता रकाना जन्मस्थळाचा. बहुतेक लोक घरधन्याचं जन्मगाव टिपून घेतात आणि पान उलटतात. खरी गंमत मुलांच्या जन्मगावांत असते.

आपल्या घरात बारा वर्षांची मुलगी हाउनम पॅरिशमध्ये जन्मली. दहाचा मुलगा साउथडीनमध्ये. सातचा, चारची आणि तान्हं, तिघं कॅसलटनमध्ये. ही तीन नावं ओळीनं वाचा, हा त्या कुटुंबाचा प्रवास आहे. बाप आधी शेतावर होता, गावोगाव फिरत होता, आणि १८६१ ते १८६४ च्या मधे कधीतरी रेल्वेवर येऊन थांबला.

हे फिरणं समजून घ्यायला त्या भागातली शेतमजुरी माहीत हवी. स्कॉटलंडच्या आग्नेय भागात लग्न झालेला नांगऱ्या वर्षाच्या करारानं राही. करार संपला की मे महिन्यात गाडीवर बिऱ्हाड चढवून दुसऱ्या शेतावर. आपल्या सालगड्याचा पाडवा आठवा. सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं, त्यांचं मेमध्ये. खानेसुमारी व्हायची मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलच्या सुरुवातीला, म्हणजे बिऱ्हाड हलण्याच्या जेमतेम महिनाभर आधी. दहा वर्षांत कुटुंबानं सहा घरं बदलली असली, तरी जनगणनेला दोनच दिसणार. मधली चार दाखवतात ती मुलांची जन्मगावं.

आणखी एक रीत होती, तिथल्या लोकांनाही जाचक वाटणारी. नांगऱ्याला नोकरी हवी तर शेतावर राबायला एक बाईमाणूसही त्यानंच पुरवायचं. बायको लेकुरवाळी असेल तर बाहेरची मुलगी ठेवायची, तिला घरात जेवूखाऊ घालायचं. अशा मुलीला बाँडेजर म्हणत. म्हणून १८६१ च्या वहीत एका खोलीच्या नांगऱ्याच्या घरात सतरा वर्षांची 'नोकर' दिसली की घर सुखवस्तू होतं असा निष्कर्ष काढू नका. ती चैन नव्हती, अट होती. रेल्वेची नोकरी धोक्याची खरी, पण तीत ही कटकट नव्हती, आणि दर मे महिन्यात चूल मोडावी लागत नव्हती. कॅसलटनमध्ये ओळीनं जन्मलेली तीन मुलं मला त्याचीच साक्ष वाटतात.

आता थोडं गणित. वेळ लागतो, पण याच्याशिवाय पुढे जाता येत नाही. २ एप्रिल १८७१ ला जो मुलगा १० वर्षांचा आहे, तो ३ एप्रिल १८६० ते २ एप्रिल १८६१ च्या दरम्यान जन्मला. मागची जनगणना ७ एप्रिल १८६१ ची. म्हणजे सांगितलेलं वय खरं असेल तर त्या रात्री तो कुठल्यातरी पाळण्यात होताच. कुठल्या? साउथडीनपासून शोधायला लागा. बापाच्या नावापुढे 'सरफेसमन' नसेल, 'नांगऱ्या' असेल, म्हणून माणूस चुकला असं समजू नका. बायकोचं नाव, तिचं जन्मगाव आणि दोन वर्षांची थोरली मुलगी जुळली की आपलं घर सापडलं. त्याच वर्षी कॅसलटनची वही उघडली असती तर रिकार्टन जंक्शन त्यात नसतंच. तिथे भेटले असते बोगदा खोदणारे मजूर, झोपड्यांत दाटीवाटीनं राहिलेले, घरमालकिणीच्या नावाखाली भाडेकरूंची रांग.

आणि दहा ते सात ही फट? बाकी मुलांमध्ये दोन-तीन वर्षांचं अंतर नेहमीचंच, तेव्हा ही फट रिकामी असेलही. पण इथे एक जन्म आणि एक मरण लपलेलं असू शकतं. दोन जनगणनांच्या मधे जन्मून गेलेलं मूल या वह्यांना कधीच दिसत नाही. स्कॉटलंडात नावं ठेवायची एक पद्धत होती. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं; पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं. नातवाला आजोबांचं नाव देणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. ही साखळी मधेच तुटली, किंवा आजोबांचं नाव भलत्याच क्रमांकाच्या मुलाला मिळालं, तर त्या नावाचं आधीचं मूल गेलं असेल का ते तपासावं. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देणं तिथे रूढ होतं.

वयावर फार विश्वास टाकू नका. दहा वर्षांनी बाईचं वय सातच वर्षांनी वाढलेलं आढळतं, आणि यात फक्त बायकाच होत्या असंही नाही. १८४१ च्या जनगणनेत तर पंधराच्या पुढची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहायची सूचनाच होती, ३४ चा माणूस ३० होई. त्या वर्षी नातंही विचारलं नव्हतं आणि जन्मगावाऐवजी 'याच परगण्यात की बाहेर' एवढंच. १८५१ पासून नातं, लग्नाची स्थिती, जन्माचं पॅरिश हे सगळं येतं. १८८१ मध्ये गेलिक भाषेचा प्रश्न आला. हायलँडच्या रेल्वे कुटुंबांसाठी तो फार बोलका आहे, आपल्या सीमेवरच्या घराला लागू नाही.

नात्याचा रकानाही जपून वाचावा. पन्नाशीला टेकलेल्या बाईच्या कडेवर दोन वर्षांचा 'मुलगा' आणि घरात वीस वर्षांची बिनलग्नाची मुलगी असेल, तर तो बहुधा नातू असतो. ग्रामीण स्कॉटलंडच्या काही भागांत लग्नाबाहेरची मुलं बरीच होती, आणि ती अशीच आजीच्या पदराखाली वाढली.

पुढची उडी १८८१ वर, ३ एप्रिल. रिकार्टनमध्ये आपलं कुटुंब नाही. शोधता शोधता वीसेक किलोमीटरवरच्या हॉइकमध्ये सापडतं. घराची प्रमुख आता बाई, 'विधवा', धुणीभांडी करणारी. सतराचा मुलगा इंजिन पुसायच्या कामाला, चौदाची मुलगी होजिअरीच्या कारखान्यात. हॉइक हे मोज्यांचं आणि लोकरी कापडाचं गाव, १७७१ पासून तिथे मोजे विणायचे माग होते. धाकटं दहा वर्षांचं आहे, 'विद्यार्थी'. १८७२ च्या कायद्यानं ५ ते १३ वयाच्या मुलांना शिक्षण सक्तीचं झालं होतं. थोरली मुलगी आणि थोरला मुलगा या घरात नाहीत.

बापाचं काय झालं? इथे जनगणना गप्प बसते आणि दुसरी वही बोलायला लागते. स्कॉटलंडात १ जानेवारी १८५५ पासून जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची झाली. इंग्लंडचा मृत्यूचा दाखला त्यापुढे फारच कंजूष. स्कॉटिश मृत्यूनोंदीत मयताच्या आईबापांची नावं असतात, आणि आईचं माहेरचं आडनावही. आपल्याकडे लग्नानंतर माहेरचं आडनाव पुसलं जातं, कुठे कुठे बाईचं पाळण्यातलं नावही. तिथल्या कागदांत मात्र बाईचं माहेर तिच्या थडग्याच्या दगडापर्यंत तिच्यासोबत राहतं. वंशावळ शोधणाऱ्याला याहून मोठं देणं नाही.

मृत्यूच्या नोंदीच्या समासात कधी कधी एक छोटी खूण दिसते, दुरुस्ती-नोंदवहीचा हवाला देणारी. रेल्वेवाल्याच्या नोंदीशेजारी ती दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. अकस्मात मृत्यू झाला की सरकारी वकिलाकडून चौकशी होई, आणि कारण नक्की ठरलं की ते त्या वेगळ्या वहीत चढवलं जाई. सरफेसमनच्या बाबतीत ते कारण फार वेळा एकच: एका गाडीला वाट देताना बाजूच्या रुळावर सरकला, आणि त्या रुळावरून दुसरी येत होती. १८९५ च्या कायद्यानं कामावर झालेल्या जीवघेण्या अपघातांची जाहीर चौकशी सक्तीची केली, तिचे कागद अजून तपशीलवार असतात. आपल्या माणसाच्या वेळी तेवढी सोय नव्हती.

कंपनीचं घर नोकरीला बांधलेलं. माणूस गेला की घरही गेलं. म्हणून हॉइक. आणि इथे जन्मगावाचा रकाना वेगळाच रंग धरतो. गरिबाला मदत पॅरिश देई, आणि १८४५ च्या कायद्यानुसार पॅरिशवर हक्क सांगायचा तर तिथे जन्म हवा, नाहीतर सलग पाच वर्षांचा वास. विधवेचा खर्च कोणी उचलायचा यावर दोन पॅरिशांत वाद चालत. जन्म कुठला, या प्रश्नाचं उत्तर पोटापाण्याशी जोडलेलं असे. १८७१ ला एक पॅरिश आणि १८८१ ला दुसरं लिहिलं असेल तर त्यामागे विसराळूपणाच असेल असं नाही.

दोन जनगणनांच्या मधली वर्षं भरायला मालमत्तेच्या कर-याद्या कामी येतात, १८५५ पासून दरवर्षीच्या. त्यात फक्त घरधन्याचं नाव, घरमालक आणि भाडं. अगदी हलक्या भाड्याची घरं कधी कधी नावाशिवाय एका ओळीत गुंडाळलेली असतात, पण रेल्वे कंपनीच्या मालकीच्या घरांत भाडेकरूची नावं सापडली तर अमुक साली आपला माणूस होता आणि पुढच्या साली नव्हता, एवढं कळतं. रेल्वे कंपन्यांची जुनी दप्तरंही एडिंबरोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. जनगणनेच्या वह्या त्याच अभिलेखागाराच्या स्कॉटलंड्स पीपल या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात, पानामागे पैसे भरून. शंभर वर्षं पूर्ण झाल्याशिवाय वही उघडत नाहीत, १९२१ ची २०२२ मध्ये उघडली.

हे सगळं वाचताना आपल्याकडचा विचार मनात येतोच. हिंदुस्थानातली पहिली एकाच वेळची खानेसुमारी १७ फेब्रुवारी १८८१ ची, म्हणजे स्कॉटलंडच्या दीड महिना आधीची. राज्यकर्ते तेच, पण आपल्या हाती उरले ते तक्ते आणि जाडजूड अहवाल. घराघराच्या नोंदी ठेवल्याच नाहीत. बोरीबंदर ते ठाणे रुळांवर राबलेल्या गँगमनच्या घरी त्या रात्री कोण कोण होतं, हे कुठल्याच वहीत सापडत नाही. आपण त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या चोपड्या उघडतो, नाहीतर गावच्या मोडीतल्या जन्ममृत्यूच्या नोंदी. तिथे नाव मिळतं, पण घरात खिडकी होती का ते नाही.

राहता राहिली थोरली मुलगी. १८८१ ला ती बावीसची. हॉइकच्या घरात नाही, म्हणजे लग्न तरी झालं असेल, नाहीतर कुठे कामाला असेल. लग्नाची नोंदवही आधी पाहायची. स्कॉटलंडात लग्न पुष्कळदा चर्चमध्ये नव्हे, मुलीच्या राहत्या घरीच लागे. पाद्री घरी येई, आणि नोंदीत ते ठिकाण लिहिलेलं असे. नवरा आणि नवरी दोघांचे पत्तेही असतात, दोघांचे धंदे, दोघांच्या आईबापांची नावं. १८७१ च्या पानावरची एक ओळ आपण भाडेकरू म्हणून बाजूला ठेवली होती, नॉर्थंबरलंडचा एकोणीस वर्षांचा पोर्टर. अशी ओळ कधी सोडू नये. आपल्या मुलीची लग्ननोंद १८७९ ची निघाली असं धरू. नवऱ्याचा धंदा सिग्नलमन, वय २७, आणि दोघांच्याही पत्त्याच्या रकान्यात मास्तरांच्या नसून निबंधकाच्या अक्षरात, एकाखाली एक: रिकार्टन जंक्शन, रिकार्टन जंक्शन.